पाण्यातला पारा

मी रसायनशास्त्र शिकलो ते नगरवाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. चूकभूल जाणकारांनी पोटात घालावी.

जपानच्या दक्षिणेस मिनामाता नावाचे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनी १९३२ पासून असिटाल्डिहाइड करण्यासाठी पारा वापरीत असे आणि सांडपाणी समुद्रात सोडीत असे. पुढे गावातली मांजरे झिंगल्यासारखी फिरून मरू लागली. मग माणसांची पाळी आली. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे डॉक्टर होसोकावा यांच्याकडून सरकारी आरोग्य केंद्राला पहिली वर्दी गेली. तारीख कामगारदिनाची, हे मला विसरता येत नाही.

विष कोणते, याचा धागा सापडला इंग्लंडात. बियाण्यांना चोळायचे पाऱ्याचे औषध बनविणाऱ्या चार कामगारांचे दुखणे तेथील डॉक्टरांनी १९४० साली लिहून ठेवले होते, लक्षणे तीच. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. सांडपाण्याच्या तोंडाशी गाळात पारा निघाला दहा लाख भागांत सुमारे दोन हजार!

गाळाचे असे, पण पाण्यात धातू फार विरळ असतो. आधी तो वेचून एका जागी आणावा लागतो. त्या काळची रूढ रीत डिथायझोनची. क्लोरोफॉर्ममध्ये हे द्रव्य हिरवे दिसते. पाण्याबरोबर घुसळले आणि पारा भेटला की नारिंगी होते. रीत नामी, पण क्लोरोफॉर्म आणि त्याचा भाऊबंद कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक. म्हणजे विष शोधणाऱ्यानेच विष हुंगायचे! १९७८ साली वातानाबे आणि तानाका या जपान्यांनीच निराळी वाट दाखविली. साबणाच्या जातीचे द्रव्य पाण्यात घालून ते तापविले की पाणी गढूळ होते आणि तळाशी किंवा वर एक लहानसा थर वेगळा होतो. धातू त्या थरात गोळा होतो. त्यांनी हे जस्तावर केले. पुढे पारा, शिसे, कॅडमियमही याच रीतीने वेचू लागले. विषारी द्रावक जवळजवळ लागत नाही, म्हणून हिला हरित रीत म्हणतात.

आता पुन्हा मिनामाताला येऊ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी खाद्यात मिसळून मांजरांना घातले. ऑक्टोबर १९५९ मध्ये ४०० क्रमांकाचे मांजर त्याच रोगाने पडले. कंपनीने तो निकाल दाबला. त्याच नोव्हेंबरात सांडपाणी बंद करू नका, असे साकडे गव्हर्नरांना घालायला नगराध्यक्ष आणि व्यापारी गेले, आणि त्यांच्या बरोबर कारखान्याची युनियनही होती! कारखाना बंद पडला तर चूल विझेल, ही भीती. त्या भीतीला मी हसणार नाही. एकदा एका कारखान्यामागच्या नाल्याबद्दल कोळणी आमच्याकडे आल्या होत्या. "हे आपल्या मागणीपत्रात नाही," असे मीच त्यांना सांगितले होते.

१९६२ च्या झगड्यात चिस्सोची युनियन फुटली. मालकाची लाथ बसल्यावर पहिल्या युनियनला कोळ्यांचे दुःख कळले. ऑगस्ट १९६८ मध्ये तिने ठराव केला: या रोगाशी आम्ही लढलो नाही, याची आम्हांला लाज वाटते. पुढे त्यातले कामगार रोग्यांच्या बाजूने न्यायालयात साक्षीला उभे राहिले. होसोकावांनी १९७० साली आजारपणाच्या खाटेवरून ४०० क्रमांकाच्या मांजराची हकीकत सांगितली. मार्च १९७३ मध्ये निकाल रोग्यांच्या बाजूने लागला. तो ऐकायला होसोकावा नव्हते.