वाय नदीवर वल्हे मारण्याचा हक्क कुठून आला?

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरील वाय नदीत उन्हाळा लागला की कनू आणि कयाक यांची रीघ लागते. दुतर्फा दाट झाडी, मधूनच डोकावणारे चुनखडीचे कडे आणि संथ वळणे घेत जाणारे पाणी. मात्र हौशी नाविकाला तिथे निर्धास्त वल्हवता येते, त्याचे श्रेय या निसर्गशोभेला नाही. ते बरेचसे कोळशाला आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

आधी कायद्याचा पेच समजून घेऊ. भरतीचे पाणी जिथवर चढते त्याच्या वर नदीचा तळ सहसा काठच्या जमीनमालकाचा असतो. तिथून नाव नेण्याचा हक्क जनतेला आपोआप मिळत नाही. तो वहिवाटीने किंवा कायद्याने सिद्ध व्हावा लागतो. त्यामुळे तिथल्या कित्येक नद्यांवर कयाक घालणाऱ्याला आजही ‘कुणाच्या परवानगीने?’ असे विचारले जाते.

सतराव्या शतकात हेरेफर्डशायरचे रस्ते वाईट होते आणि नदी पाणचक्क्यांच्या व मासेमारीच्या बंधाऱ्यांनी अडवलेली होती. १६६२च्या कायद्यानंतर सर विल्यम सँडिस यांनी ती नौकानयनास योग्य करण्याचा घाट घातला, तो फसला. १६९५च्या कायद्याने मग सरळ वाट धरली: बंधारे विकत घ्यावेत, पाडावेत आणि नदी सर्वांना खुली करावी. त्यानंतर डीनच्या अरण्यातला कोळसा वर जाऊ लागला. धान्य, सायडर आणि झाडाची साल खाली येऊ लागली. प्रवाहाविरुद्ध हे पडाव माणसेच ओढत. खांद्यावर दोर घेऊन, काठाच्या चिखलातून, टोळ्याटोळ्यांनी. घोड्यांसाठी बांधलेली वाट थेट १८११ सालची आहे.

याच नदीवर १७७०मध्ये विल्यम गिल्पिन हे धर्मोपदेशक तीन नावाड्यांच्या छत असलेल्या नावेतून उतरले. त्यांचे प्रवासवर्णन १७८२मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘चित्रवत् सौंदर्य’ पाहायला येणाऱ्यांची रांग लागली. फ्रान्सशी युद्ध पेटून युरोपचा प्रवास दुरावल्यावर तर ती वाढलीच. गिल्पिन यांची नजर मोठी मौजेची. टिंटर्नच्या मठाच्या भग्न भिंती त्यांना फार नीटस वाटल्या. हातोड्याचे चार ठोके घालावेत, असे त्यांनी सुचवले! डोंगरउतारावरील कोळसाभट्ट्यांचा धूर त्यांना विरळ पडद्यासारखा सुंदर दिसला. त्याच मठाच्या अवशेषांत भणंग माणसे राहत होती, हेही त्यांनीच नोंदवले आहे. एका अपंग वृद्धेने मठाचे ग्रंथालय दाखवते म्हणून त्यांना नेले, तर ती तिचीच ओलसर खोली निघाली. (बी.ए.ला वर्ड्सवर्थची १७९८ची टिंटर्नची कविता अभ्यासलेल्यांनी हा प्रसंग जरूर जोडून वाचावा.)

१८५५मध्ये हेरेफर्ड, रॉस आणि ग्लॉस्टर यांना जोडणारी रेल्वे आली आणि पडावांचा व्यापार बसला. दहाच वर्षांनी जॉन मॅकग्रेगर ‘रॉब रॉय’ या छोट्या नावेतून युरोपच्या नद्यांवर फिरले. कनू हा ब्रिटिश मध्यमवर्गाचा छंद झाला तो त्यानंतर. पडाव गेले होते, पण त्यांच्यासाठी मिळालेला हक्क कागदावर शाबूत होता, आणि २००२च्या आदेशाने नदीची नौकानयन व्यवस्था पर्यावरण संस्थेकडे सोपवतानाही तो कायम राहिला.

हा वैधानिक हक्क हे-ऑन-वाय या गावच्या पुलापासून खाली लागू होतो. पुलाच्या वर नदी तीच, पाणी तेच. कयाकवाल्यापुढचा प्रश्न मात्र पुन्हा जुनाच: कुणाच्या परवानगीने?