बालांगिगाच्या तीन घंटा

फिलिपिन्समधल्या सामार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, बालांगिगा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, त्याच नावाचे एक गाव आहे. सरकारदरबारी ती म्युनिसिपालिटी. पण नगरपालिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येते त्याच्याशी तिचे फारसे साम्य नाही. 13 बारांगाय, म्हणजे गावकारभाराचे सर्वांत लहान घटक, मिळून लोकवस्ती सुमारे 14 हजार. नारळ, मासेमारी, थोडे भात, कंदमुळे. बोली वाराय. एवढ्याशा गावावरून फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यात कित्येक वर्षे वाद चालला. वाद होता तिथल्या चर्चच्या तीन घंटांचा.

गेली काही वर्षे या घंटांविषयी हाती लागेल ते मी वाचत आलो आहे. अमेरिकी लष्करी इतिहासात 'बालांगिगाचे हत्याकांड' म्हणजे 28 सप्टेंबर 1901 रोजी 48 अमेरिकी सैनिक मारले गेले ती घटना. फिलिपिनो इतिहासात तो गावाचा उठाव, आणि हत्याकांड म्हणायचे ते त्यानंतर सामार बेटावर झाले त्याला. दोन्ही कथांत सेनापती आहेत, हुकूम आहेत, मृतांचे आकडे आहेत. मला शोध होता तो गावाचा. ज्या गावाने पहिला महिनाभर परक्या शिपायांबरोबर संध्याकाळी बसून तुबा, म्हणजे माडी, घेतली, त्याच गावाने सातव्या आठवड्यात त्यांच्यावर कोयते का उगारले?

उत्तराची सुरुवात घंटेपासूनच करावी लागते. स्पॅनिश पाद्र्यांनी विखुरलेल्या वस्त्यांतले लोक एकत्र आणून चर्चभोवती वसवले. अशा वसाहतीला 'घंटेखाली राहणे' असा स्पॅनिश वाक्प्रचारच होता. आवाज पोचेल तिथवर पाद्र्याची नजर, तिथवर करवसुली. म्हणजे मुळात घंटा हे सत्तेचे साधन. पण पिढ्या गेल्या तशी ती गावाचीही झाली. पहाटेची प्रार्थना, लग्न, मयत, सण हे सारे तिच्यावर चाले. दक्षिणेकडून लुटारूंच्या होड्या येत, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांना तीच सावध करी. घड्याळ, दवंडी आणि धोक्याचा इशारा, तिन्ही एकाच दोरीला बांधलेले.

स्पेनशी झालेल्या युद्धानंतर 1898 मध्ये अमेरिकेने फिलिपिन्सचा ताबा मिळवला. सामारमध्ये जनरल विसेंते लुकबान गनिमी लढाई लढत होता. त्याची रसद तोडण्यासाठी बालांगिगाचे बंदर बंद करायचे, या कामावर 11 ऑगस्ट 1901 रोजी अमेरिकेच्या 9व्या पायदळाची 'सी' कंपनी गावात उतरली. माणसे 74, प्रमुख कॅप्टन थॉमस कॉनेल. आरंभी संबंध बरे होते.

बिघाड झाला तो साफसफाईवरून. वरिष्ठ तपासणीला येणार म्हणून कॉनेलने गाव स्वच्छ करण्याचा हुकूम दिला. झाडेझुडपे तोडताना खाण्याजोग्या वनस्पतीही तुटल्या. इकडे अन्न जपून ठेवा असा लुकबानचा हुकूम होता. तो मोडला, शिवाय शत्रूशी मैत्री केली, म्हणून 18 सप्टेंबरला गावाला शासन करायला सुमारे 400 गनीम येऊन ठेपले. पाद्री आणि लुकबानचाच एक अधिकारी एउहेनियो दासा यांनी मध्यस्थी केली म्हणून ते टळले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे एका सत्तेचा हुकूम पाळला की दुसरीचा मोडतो, आणि दोहोंच्या कात्रीत सापडते ते घरचे अन्न.

पुढे काही दिवसांत दोन दारू प्यालेल्या शिपायांनी तुबाच्या दुकानातल्या मुलीशी अतिप्रसंग केला. तिच्या भावांनी त्यांना मारले. तेव्हा कॉनेलने गावातले पुरुष पकडून आणले. सुमारे 80 जणांना दोन तंबूंत कोंबून रात्रभर उपाशी ठेवले. घराघरांतले बोलो आणि साठवलेला तांदूळ जप्त केला. बोलो म्हणजे तिथला कोयता: नारळ फोडायचा, लाकूड तोडायचे, कंद खणायचा तो त्यानेच. शिपायांच्या लेखी ते हत्यार होते. गावाच्या लेखी ते जप्त होणे म्हणजे हात बांधले जाणे, आणि तांदूळ जाणे म्हणजे चूल विझणे.

28 सप्टेंबर, शनिवार. त्याआधीच बायकामुलांना गावाबाहेर धाडले होते. सकाळी शिपाई न्याहारीला बसले असताना गावचा पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर याने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली आणि चर्चच्या घंटा वाजल्या. जी घंटा गावाला प्रार्थनेला बोलवी, तिने त्या दिवशी इशारा दिला. वाचलेले थोडे शिपाई होड्यांतून निसटले.

सूड लगेच सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी परतलेल्या सैन्याने गाव जाळले. जनरल जेकब स्मिथने बेट उजाड करा, दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकणाऱ्या सर्वांना मारा असे हुकूम दिले. 1902 मध्ये त्याच्यावर लष्करी खटला चालला. शिक्षा झाली ती समज देण्याची, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला निवृत्त केले. सामारमध्ये किती माणसे मेली यावर अभ्यासकांचे अंदाज दोन-अडीच हजारांपासून कित्येक हजारांपर्यंत जातात. 48 शिपायांची मात्र नावानिशी यादी आहे. कोणाचे मृत मोजले जातात, हेही इतिहासाचे एक साधनच समजावे.

घंटा विजयचिन्ह म्हणून गेल्या. दोन अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या लष्करी तळावर, तिसरी 9व्या पायदळाकडे. ती पुढे दक्षिण कोरियातल्या तळावर पोचली. विजयचिन्ह झालेली घंटा आपल्याला अपरिचित नाही. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर आलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरासारख्या ठिकाणी आपण अभिमानाने दाखवतो. त्या मंदिरांत पुन्हा वाजत्या झाल्या. वायोमिंगच्या घंटा स्मारकात मुक्या राहिल्या. पण ज्या गावातून घंटा गेली त्या गावाची सकाळ कशी उजाडली असेल, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

1990च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी घंटा परत मागितल्या. त्या आपल्या मृत सैनिकांचे स्मारक आहेत, म्हणून वायोमिंगमधल्या अनेक माजी सैनिकांचा विरोध होता. त्यांची भावना खोटी म्हणता येणार नाही. दरम्यान नोव्हेंबर 2013 मधल्या हैयान वादळाने, ज्याला तिथे योलांदा म्हणतात, या किनाऱ्याची दैना केली. अखेर 11 डिसेंबर 2018 रोजी घंटा मनिलाला उतरल्या आणि 15 डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या उपस्थितीत गावाच्या स्वाधीन झाल्या.

त्या संग्रहालयाच्या काचेआड ठेवल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. पण फिलिपिन्समध्ये नाताळाआधी नऊ दिवस पहाटेच्या मिस्सा होतात आणि पहिली 16 डिसेंबरला असते. भाषणे झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे, अंधारात, गाव उठून चर्चला निघाले ते त्याच घंटांच्या आवाजावर. 117 वर्षे दोन राष्ट्रांच्या मानापमानाचा विषय होऊन राहिलेल्या घंटांना गावाने पुन्हा त्यांच्या रोजच्या कामाला लावले.