चार मिलिमीटर

मॉडेल रेल्वेचं इंजिन हातात आलं की बहुतेक लोक ते वरून पाहतात. रंग, नंबर, धुराडं, डब्यावरची अक्षरं. मी आधी उलटं करतो. वरची बॉडी एखाद्या रेल्वेचा इतिहास सांगते, पण खालचा सांगाडा आणि चाकं वेगळाच इतिहास सांगतात: कारखान्यांचा, साच्यांच्या खर्चाचा, बुडालेल्या आणि विकल्या गेलेल्या कंपन्यांचा. जुन्या इंजिनाला चाकं किंवा चॅसिस शोधायला बसलात की या दुसऱ्या इतिहासाशी गाठ पडतेच.

सुरुवात रुळांपासून करू. १९२२ साली जर्मनीतल्या बिंग कंपनीने ब्रिटिश उद्योजक बॅसेट-लोक यांच्यासाठी टेबलावर मावेल अशी छोटी रेल्वे बनवली. त्यातून रुजलेलं रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एका फुटाला साडेतीन मिमी हे प्रमाण धरलं, तर ४ फूट साडेआठ इंचांच्या खऱ्या स्टँडर्ड गेजशी हे अंतर नीट जुळतं. यालाच एचओ म्हणतात. पण ब्रिटनमधले बोगदे आणि पूल युरोपच्या मानाने अरुंद, म्हणून तिथली इंजिनंही लहान. साडेतीन मिमीच्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. तोडगा असा निघाला की रूळ तेच ठेवायचे आणि इंजिन मात्र फुटाला चार मिमी प्रमाणाने मोठं करायचं. हे डबल ओ. १९३८ मध्ये आलेल्या हॉर्नबी डब्लोने ते घरोघरी नेलं.

आता हिशेब करा. चार मिमीच्या प्रमाणात स्टँडर्ड गेज १८.८३ मिमी भरायला हवा. रूळ आहेत १६.५ मिमीचे. म्हणजे ब्रिटनमधली असंख्य मॉडेल इंजिनं प्रत्यक्षात ४ फूट दीड इंच गेजवर धावतात. आपल्याकडेही तीच गत. साडेपाच फुटी ब्रॉडगेजचं मॉडेल एचओमध्ये करायचं तर रूळ १९.३ मिमीच्या आसपास हवेत, पण बाजारात सहज मिळणारी चाकं १६.५ ची. त्यामुळे भारतीय इंजिनाची बॉडी हौसेने घडवणारा माणूसही खाली बहुधा परदेशी चॅसिसच घालतो.

दुसरी तडजोड पैशांची. लाइन्स ब्रदर्सच्या ट्रायँग या ब्रँडने १९५३ मध्ये 'जिंटी' हे सहा चाकांचं छोटं टँक इंजिन आणलं. धातूच्या चॅसिसचा साचा महाग, प्लास्टिकच्या बॉडीचा त्या मानाने स्वस्त. मग तोच सहाचाकी सांगाडा पुढे वेगवेगळ्या रेल्वेंच्या इंजिनांखाली गेला. सत्तरच्या दशकात ग्रेट वेस्टर्नचं पॅनियर टँकही त्यावरच बसलं.

खऱ्या इंजिनांचे आकडे पाहा. जिंटीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आसातलं अंतर ८ फूट, दुसऱ्या-तिसऱ्यातलं साडेआठ. पॅनियरचं सव्वासात आणि सव्वाआठ फूट. एकूण साडेसोळा विरुद्ध साडेपंधरा. फरक बरोबर एका फुटाचा, म्हणजे मॉडेलमध्ये चार मिमी. एकच सांगाडा दोघांनाही अचूक असणं शक्यच नाही. गंमत म्हणजे चाकांचा व्यास जवळजवळ सारखा: ४ फूट ७ इंच आणि ४ फूट साडेसात इंच. त्यामुळे चाकं खपून जातात, चुकते ती त्यांची जागा. सुटा भाग शोधताना नावावर जाऊ नये ते यासाठी. 'पॅनियरचं चॅसिस' एवढं म्हणून भागत नाही. ते खऱ्या पॅनियरच्या मापाचं की कारखान्याच्या पॅनियरच्या मापाचं, हे विचारावं लागतं.

चाकांचं स्वतःचंही पुराण आहे. डब्लोची सुरुवातीची इंजिनं तीन रुळांची. मधल्या रुळातून वीज येई आणि बाहेरच्या रुळांतून परत जाई, म्हणून डाव्या-उजव्या चाकांमध्ये विद्युतरोधन लागत नसे. असं इंजिन दोन रुळांच्या मार्गावर ठेवलं की सरळ शॉर्टसर्किट. १९५९ मध्ये डब्लो स्वतःच दोन रुळांकडे वळली. पण तोवर ट्रायँगने बाजार व्यापला होता, आणि १९६४ मध्ये डब्लोची मालक मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सच्याच ताब्यात गेली.

बदली चाकांत रोमफोर्ड पद्धत हौशी लोकांची लाडकी. तिच्या आसाचं टोक चौकोनी असतं. दोन बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत लागतात, म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी रेटते. हा कोन जरा चुकला की जोडदांडे अडखळतात आणि इंजिन लंगडतं. चौकोनी टोकामुळे तो आपोआप साधतो. फक्त हा आस १/८ इंची, म्हणजे ३.१७५ मिमी. ३ मिमीच्या भोकात तो शिरणार नाही आणि ३ मिमीचा आस याच्या भोकात खुळखुळेल. पावणेदोन दशांश मिलिमीटरमध्ये इंच आणि मेट्रिकचं भांडण भेटतं ते असं.

काही सांगाड्यांचं मरण मात्र जन्मतःच ठरलेलं असतं. महायुद्धाआधीच्या अनेक ओतीव जस्ताच्या भागांत शिशाची भेसळ राहिली. अशी धातू आतून, कणाकणांच्या सीमांवर कुजते, फुगते, तडकते. त्यावर इलाज नाही. दुसरं उदाहरण मेनलाइनचं. पॅलिटॉयने १९७६ मध्ये ही मालिका आणली, ती हाँगकाँगच्या केडर कंपनीकडून बनवून. चॅसिस उभं चिरलेलं, दोन धातूचे अर्धे. आसही मध्ये तोडून प्लास्टिकच्या नळीने जोडलेला. वीज चाकातून आसात, आसातून चॅसिसमध्ये. वेगळ्या तारा नकोत, पत्र्या नकोत. कागदावर सुंदर डिझाइन. पण जो सांधा फिरतो, झिजतो आणि तेल मागतो, तोच वीजही वाहतो. शिवाय प्लास्टिकची नळी वर्षांनी तडकते आणि चाकांचा कोन निसटतो. सॉफ्टवेअरमध्ये एकाच फंक्शनला दोन कामं दिली की काय होतं ते आम्ही रोज पाहतो. हे त्याचं धातूतलं रूप.

अशा वेळी उपयोगी पडतात ते छोटे उद्योग, बरेचदा एक-दोन माणसांचे. पितळेच्या किंवा निकेल सिल्व्हरच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या चौकटी ते देतात. आपण त्या कापायच्या, कानस मारायची, डाग देऊन जोडायच्या. कॉमेटची चॅसिस पुढे विझार्ड मॉडेल्सने सांभाळली म्हणून आजही मिळतात. जपानच्या माशिमा कंपनीच्या मोटरी मात्र थांबल्या, आणि त्यांच्या मापाने आखलेल्या कितीतरी चौकटींना आता दुसरी मोटर शोधावी लागते. मालक निवृत्त झाला आणि वारस मिळाला नाही, तर सुट्या भागांसोबत त्यांची मापंही जातात.

मध्यंतरी मी पॅनियरची नुसती बॉडी विकत घेतली. खाली काहीच नव्हतं. दोन मार्ग होते: अचूक मापाची कोरीव चौकट किंवा जिंटीचा तोच जुना, चार मिमीने खोटा सांगाडा. मी जुना घेतला. ती बॉडी घडवलीच होती त्याच्यासाठी. तिच्या आतले खुंट, स्क्रूची जागा, सगळं त्या तडजोडीच्या मापाचं. अचूक चौकट घालायची तर हे सगळं तासून काढावं लागलं असतं, आणि एक साचा किती इंजिनांनी वाटून घेतला याचा पुरावाही त्याबरोबर गेला असता. मेनलाइनसारख्या सांगाड्याबाबत माझं मत वेगळं आहे. तिथे मूळ रचनाच टिकणारी नाही, म्हणून ती खुशाल बदलावी. पण काढलेले दोन अर्धे फेकू नयेत. डबीत ठेवावेत आणि सोबत एक चिठ्ठी: आसांतली अंतरं, आसाची जाडी, चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या. पुढच्या माणसाला कॅलिपर मिळेलच, पण मोजायला ती वस्तू हाती राहील याचा भरवसा नाही.