माध्यमिक शाळांतील भूगोल अध्यापन

पृथ्वीचे प्राकृतिक स्वरूप, हवामान, लोकसंख्या, व्यवसाय आणि मानव व पर्यावरण यांचे परस्परसंबंध हे विषय शालेय स्तरावर शिकवण्याच्या पद्धतीस भूगोल अध्यापन असे म्हणतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील नववी व दहावीच्या वर्गांचा प्रामुख्याने विचार केला आहे. राज्य मंडळाच्या शाळांत भूगोल दहावीपर्यंत अनिवार्य असून अकरावीपासून तो ऐच्छिक होतो. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांचा या विषयाशी असलेला शालेय संबंध माध्यमिक स्तरावरच संपतो. नकाशा वाचणे, निरीक्षण करणे व कार्यकारणभाव शोधणे ही कौशल्ये याच काळात आत्मसात व्हावी लागतात.

== अभ्यासक्रम ==

बालभारतीच्या नववीच्या पाठ्यपुस्तकात वितरणाच्या नकाशांचा परिचय असून टिंब, क्षेत्रघनी व समघनी या पद्धती समजावून दिल्या आहेत. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाची रचना भारत व ब्राझील या देशांच्या तुलनेवर आधारलेली आहे. त्याचा पहिला पाठ क्षेत्रभेटीविषयी आहे. पुढील पाठांत प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, मानवी वस्ती व अर्थव्यवस्था यांचा दोन्ही देशांच्या संदर्भात विचार येतो. माहितीच्या पाठांतरापेक्षा साम्य, भेद व त्यांची कारणे यांवर भर देणे हा अशा रचनेचा लाभ होय.

== अध्यापनाच्या पद्धती ==

=== परिसराकडून जगाकडे ===

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे हे अध्यापनशास्त्राचे सूत्र भूगोलास विशेष लागू पडते. महाबळेश्वर येथे वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून जवळच असलेल्या वाई येथे तो १,००० मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. या एका उदाहरणावरून प्रतिरोध पर्जन्य व पर्जन्यछायेचा प्रदेश या दोन्ही संकल्पना स्पष्ट होतात. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने राज्यात प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो. शून्य सावलीच्या या दिवशी मैदानात उभ्या रोवलेल्या काठीच्या साहाय्याने सूर्याचे भासमान भ्रमण प्रत्यक्ष दाखवता येते. मात्र यांपैकी पहिला दिवस बहुधा मे महिन्याच्या सुटीत येतो आणि दुसऱ्या वेळी पावसाळी ढग आड येतात.

=== नकाशावाचन ===

भारतीय सर्वेक्षण विभागाची (स्थापना १७६७) स्थलनिर्देशक पत्रके नकाशावाचनाचे उत्तम साधन आहेत. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. समोच्च रेषा जवळजवळ असल्यास उतार तीव्र आणि दूरदूर असल्यास तो मंद असतो. डोंगरउतारावरील वस्त्यांच्या दृष्टीने हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. माळीण (३० जुलै २०१४) व इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडींनी उतार, माती व अतिवृष्टी यांच्या परस्परसंबंधाचे गांभीर्य दाखवून दिले.

=== क्षेत्रभेट ===

नदीकाठ, बाजार समिती, बंधारा किंवा साखर कारखाना येथे क्षेत्रभेट आयोजित करता येते. तिचे पूर्वतयारी, प्रत्यक्ष निरीक्षण व अहवाललेखन असे तीन टप्पे असतात. आधी प्रश्नावली व मार्गाचा नकाशा तयार केला जातो. भेटीत नोंदी व रेखाटने केली जातात. प्रश्नावलीवाचून गेलेली क्षेत्रभेट ही सहल ठरते.

== मूल्यमापन ==

दहावीच्या परीक्षेत भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. तीत भौगोलिक कारणे, नकाशा भरणे, नकाशावाचन व आलेख यांवर प्रश्न विचारले जातात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी नकाशा व आलेखाच्या प्रश्नांना पर्यायी प्रश्न दिले जातात.

== अडचणी ==

अनेक शाळांत भूगोलाचे तास इतर विषयाच्या पदवीधर शिक्षकाकडे असतात. अपुऱ्या तासिका, मोठ्या वर्गसंख्या व प्रवासखर्च यांमुळे क्षेत्रभेट कागदोपत्रीच राहण्याचा संभव असतो. नकाशा भरण्याचा सराव ठरावीक ठिकाणांपुरता झाल्यास विद्यार्थी खूण अचूक करतो, परंतु ते शहर तेथेच का वसले हे त्याला सांगता येत नाही. उपग्रह प्रतिमा व संगणकीय नकाशे आज सहज उपलब्ध असले, तरी दिशा, प्रमाण व सूची यांची जाण नसल्यास त्यांचा उपयोग रस्ता शोधण्यापुरताच मर्यादित राहतो.

== भूगोल दिन ==

ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ प्रा. चं. धुं. देशपांडे यांचा जन्मदिवस, १४ जानेवारी, महाराष्ट्रात भूगोल दिन म्हणून साजरा केला जातो. या निमित्ताने शाळांतून नकाशा प्रदर्शने व प्रश्नमंजूषा घेतल्या जातात.