छेदात कोण आहे? साथरोगशास्त्राची एक जुनी गोष्ट

मागच्या खेपेला आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर? व्याख्यान संपल्यावर नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, याचा आमच्या कामाशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देऊ, आणि त्यासाठी १८५४ सालच्या लंडनला जाऊ.

त्याआधी थोडं घरचं. कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत. आमच्या आजीची दोन भावंडं एकाच आठवड्यात पटकीने गेली. आजी सांगायची, गावाने ठपका ठेवला वेशीबाहेरच्या वस्तीवर. "त्यांच्यातच जास्त मेले, रोग त्यांनीच आणला." मेले किती, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. वस्तीत माणसं किती, हे कोणी मोजलं नाही. आणि गावच्या विहिरीवर त्यांना मज्जाव असल्यामुळे ती ओढ्याचं पाणी पितात, हे तर कोणाच्या मनातही आलं नाही.

लंडनमध्ये वेगळं काही चाललं नव्हतं. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरकडे भडकलेली ही साथ पुढच्याच वर्षी मुंबईत आली, आणि नंतरच्या लाटेत १८३१ साली इंग्लंडात पोचली. रोग दुर्गंधीतून, कुजक्या हवेतून होतो, असा बहुतेक जाणत्यांचा समज होता. विल्यम फार हा तिथला मोठा आकडेशास्त्रज्ञ. त्याने १८४८-४९ च्या साथीचे आकडे मांडून दाखवलं, की थेम्स नदीच्या पातळीपासून जागा जितकी सखल, तितके मृत्यू जास्त. आकडे खरे होते. मग चुकलं कुठे?

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. या ओल्या सरपणाला त्यांनी नाव दिलं उपाधी. तुमच्या पुस्तकात ज्याला कन्फाउंडर म्हणतात, त्याचं हे जुनं भावंडच समजा. फारच्या आकड्यांत ओलं सरपण होतं पाणी. नदीकाठच्या सखल भागांना बहुतेक करून नदीचंच घाण पाणी मिळत होतं.

हे ओळखलं जॉन स्नो या डॉक्टरने. त्याचा मूळ धंदा भूल देण्याचा. राणी व्हिक्टोरियाला १८५३ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला तो यानेच. रोग पाण्यातून पोटात जातो, असं त्याने १८४९ सालीच छापलं होतं. फारसं कोणी मानलं नाही.

आता ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असं सांगतात. पण खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय, की लोक आधीच घरं सोडून पळाले होते आणि साथ ओसरू लागली होती; दांड्याचा परिणाम किती, हे सांगता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! आपल्या बाजूचा पुरावासुद्धा असा तपासून घेणारा माणूस विरळा.

त्याचा खरा पुरावा दुसराच आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत. एकाच रस्त्यावर शेजारशेजारच्या घरांना वेगवेगळ्या कंपनीचा नळ. गरीब-श्रीमंत, लहान-थोर, सगळे दोन्हीकडे. हवा तीच, सखलपणाही तोच. फरक एवढाच, की लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपलं पाणी घेण्याचं ठिकाण शहराच्या वर, स्वच्छ प्रवाहात हलवलं होतं. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटर्सीलाच, शहराचं सांडपाणी जिथे मिसळतं तिथूनच पाणी उचलत होती.

स्नो दारोदार हिंडला. नळ कुठल्या कंपनीचा, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसे. मग तो पाण्याचा नमुना घेऊन सिल्व्हर नायट्रेटने त्यातलं मीठ तपासायचा. घाण पाण्यात ते सुमारे ४० पट जास्त निघे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्याचा हिशेब असा: साउथवर्क अँड वॉक्सहॉलची घरं ४०,०४६, मृत्यू १,२६३. लॅम्बेथची घरं २६,१०७, मृत्यू ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७. आठपटीहून जास्त!

इथे थोडं थांबा. मृत्यूंचा आकडा हा अंश. तो ज्यांच्यातून आला, ती घरं हा छेद. अंशाला छेद मिळाला तेव्हा दर तयार झाला, आणि दराशेजारी दुसरा दर ठेवला तेव्हा तुलना झाली. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली की काय बदलतं, हे पाहणं म्हणजेच आपल्याकडचा अन्वय-व्यतिरेक. साथरोगशास्त्राचा पाया एवढाच आहे. यातही उणीव आहे, तीही सांगू: छेदात घरं आहेत, माणसं नाहीत. एका कंपनीच्या घरांत माणसं जास्त असतील तर? पण आठपट फरक तेवढ्याने पुसला जात नाही.

स्नोने कॉलऱ्याचा जंतू ओळखला नव्हता. तो १८५८ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी गेला. फारने १८६६ च्या साथीत पाण्याचं म्हणणं मान्य केलं. रॉबर्ट कॉखने जंतूची ओळख पटवली १८८३-८४ मध्ये, इजिप्त आणि कलकत्त्याच्या मोहिमेत. म्हणजे कारण कसं काम करतं हे कळण्याच्या तीस वर्षं आधी, काय टाळावं हे कळलं होतं. ज्ञान अपुरं असतानाही जीव वाचवता येतात, पण मोजणी प्रामाणिक हवी.

उद्या तुम्ही एखाद्या आरोग्य केंद्रात बसाल. कोणीतरी येऊन सांगेल, "अमक्या वस्तीत रोग जास्त, ती माणसंच तशी." तेव्हा तीन प्रश्न विचारा. कितीपैकी किती? कोणाच्या तुलनेत? आणि मधे तिसरं काही दडलंय का? आमच्या आजीच्या गावात हे विचारणारं कोणी असतं, तर बोट वस्तीकडे नाही, ओढ्याकडे गेलं असतं. आणि त्यांना विहीर बंद कोणी केली, हाही प्रश्न मग निघाला असता.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी उपाधी आकड्यांतून वेगळी कशी काढतात, ते फळ्यावर करून पाहू. येताना कागद-पेन्सिल घेऊन या.