भीमा-माणकांठचे बादशाही तळ



इतिहासांतील लढाया आपण आवडीनें वाचतों. परंतु लढाईच्या आदल्या रात्रीं सैन्य कोठें उतरलें, काय जेवलें आणि पाणी कोठून प्यालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत तर हाच प्रश्न तरवारीहून मोठा ठरतो.

मंगळवेढ्याजवळ भीमेच्या कांठीं माचणूर व ब्रह्मपुरी हीं गांवें आहेत. मे १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत औरंगजेब बादशहाची मुख्य छावणी येथें होती. त्याच १६९५ सालीं जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशानें कृष्णाकांठच्या गलगली येथील बादशाही तळ पाहिला होता. त्या तळाचा घेर ३० मैल असून आंत सुमारें २५० बाजार होते, असें वर्णन आढळतें. हें चालतें शहरच म्हणावयाचें! एवढ्या माणसांना व जनावरांना रोज पोसावयाचें कसें?

त्याची योजना अशी असे. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एकांत मुक्काम असतां दुसरा पुढील मजलीवर जाऊन उभा राही. त्यास पेशखाना म्हणत. पाणी पखालींतून वाहत. गवत व लांकूडफांटा आणण्यास कहीवाले तळाबाहेर दूरवर जात. धान्य मात्र लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा एकच तांडा भेटला होता. हे बैल वाटेनें चरत चरत चालत. त्यामुळें वाहतुकीचा खर्च थोडा, पण चालही मंद. वाटेवरचें गवत जळालें किंवा वाट तुटली, कीं लष्कराचें पोट तुटलें.

मराठ्यांनीं हें मर्म नेमकें हेरिलें. नोव्हेंबर १६९५ मध्यें चित्रदुर्गाच्या बाजूस कासीमखानानें आपला पेशखाना पुढें धाडिला असतां संताजी घोरपडे यांनीं त्यावरच झडप घालून तो लुटला व जाळला. खान मदतीस धांवला, तों स्वतःच वेढला जाऊन दोड्डेरीच्या गढींत कोंडला गेला. दाणावैरण संपली, खान तेथेंच मरण पावला, आणि उरलेल्यांनीं २० लक्ष रुपये खंडणी कबूल करून जीव वांचविले. शत्रूच्या छातीवर नव्हे, तर त्याच्या शिध्यावर घातलेला हा घाव होता.

कधीं कधीं मात्र शत्रूचीही गरज लागत नसे. १७०० सालच्या पावसाळ्याअखेर बादशहाचा तळ आमच्या सांगोले तालुक्यांत, माण नदीवर खवासपूर येथें पडला होता. माण ही एरव्हीं कोरडी नदी. छावणी तिच्या दोन्ही कांठांवर आणि पात्रांतही पसरली होती. १ ऑक्टोबरच्या रात्रीं वरच्या डोंगरांत पाऊस कोसळून अकस्मात् लोंढा आला आणि माणसें, जनावरें, राहुट्या वाहून गेल्या. मराठेच तळांत शिरले, अशा समजुतीनें बादशहा लगबगीनें उठला व पडला. त्याचा उजवा गुडघा निखळला तो पुनः नीट बसला नाहीं. तो जन्माचा लंगडा झाला. पूर्वज तैमूरलंगाचा हा वारसाच होय, असें म्हणून खुशमस्कऱ्यांनीं त्याचें समाधान केलें! कोरड्या नदीच्या वाळूंत बिऱ्हाड मांडूं नये, हें तेथील गुराख्याचें ज्ञान आलमगिराच्या दरबारीं कोणाजवळ नव्हतें.

आजही याच जिल्ह्यांतून आषाढीस लक्षावधि वारकरी पायीं पंढरीस जातात. तंबू व शिधा भरलेले ट्रक दिंडीच्या आधीं पुढच्या मुक्कामीं पोंचतात. पाण्याचे टँकर बरोबर असतात. पेशखान्याचीच ही रीत. अंतर एवढेंच, कीं बादशाही लष्कर उतरलें म्हणजे रयत आपलें धान्य पेवांत लपवी, आणि दिंडी उतरली म्हणजे तीच रयत पंगतीसाठीं पेव उघडते. लांबच्या वाटेवर ज्यास वाटेवरचा गांव आपला मानतो, त्याची रसद कोणी तोडूं शकत नाहीं.