घरकुल-बांधणी (बारामती व इंदापूर तालुके)

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील या दोन तालुक्यांत शासकीय अनुदानातून, ठरावीक क्षेत्रफळानुसार व टप्प्याटप्प्याने होणारी ग्रामीण घरबांधणी. 2016 मध्ये इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ 20 वरून 25 चौ. मी. झाले व सपाट प्रदेशासाठी अनुदान 1.20 लाख रु. ठरले. याखेरीज रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी व शौचालयासाठी 12,000 रु. मिळतात. अनुसूचित जातींसाठी रमाई आणि जमातींसाठी शबरी आवास योजना आहे.

जुनी घरे : काळा दगड, पांढरीची माती आणि वर माळवद. उन्हाळ्यात ती गार राहतात. मात्र किल्लारीच्या भूकंपात (30 सप्टेंबर 1993) दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे ओझे जीवघेणे ठरले. मातीच्या घरांची भूकंपरोधकता वाढवण्यासाठीचे भारतीय मानक 13827 त्याच वर्षीचे आहे.

पाया : नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात खोल काळी जमीन आढळते, बारामतीच्या जिरायती भागात बऱ्याच ठिकाणी मुरूम उथळ लागतो. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते. त्यामुळे उथळ पायावरची भिंत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकी तडकते. गिलावा करून बुजवलेली भेग पुढच्या ऋतूत पुन्हा उघडते. उसाच्या शेताला लागून असलेल्या घराची एक बाजू ओली व दुसरी कोरडी राहिली, तर पाया असमान हलतो आणि नुकसान वाढते.

भारतीय मानक 2911 (भाग 3) मध्ये तळाशी फुगीर कंद असलेल्या स्तंभिका दिल्या आहेत. साधारण 3.5 मी. खोल जाऊन त्या ऋतुमानाने हलणारा थर ओलांडतात; कंदाचा व्यास सामान्यतः खोडाच्या अडीचपट असतो. एकमजली घरकुलाला हा खर्च जड जातो. मुंबईच्या आयआयटीतील आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या संसंजक मातीच्या थराचे तंत्र विकसित केले. योग्य प्रतीचा मुरूम त्याला चालतो, म्हणून या भागासाठी ते अधिक मोलाचे. काळी माती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून धुमसावा. वर जोत्याची सलोह काँक्रीट पट्टी व घराभोवती उताराची फरसबंदी करावी.

साहित्य : राखेच्या विटा व दगडाची कृत्रिम वाळू (भारतीय मानक 383 : 2016 नुसार ग्राह्य). नदीच्या वाळूचा प्रश्न वादग्रस्त आहे.

पुनर्वसन : उजनी धरणामुळे (1980) इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी गावे हलली व घरे नव्या जागी बांधावी लागली.

अडचणी : जागेचा अभाव, कुशल गवंड्यांची टंचाई, हप्त्यांतील खंड. हप्ता स्थाननोंद असलेल्या छायाचित्रावर सुटतो. त्यात पाया झालेला दिसतो, पण त्याखाली मुरूम आहे की काळी माती, हे कळत नाही. सपाट प्रदेशातील सर्व जमिनींना अनुदानाचा दर एकच आहे. खोल काळ्या जमिनीत मात्र पायाचाच खर्च वाढतो. तेथील घरकुलांना पायापुरते वेगळे अनुदान मिळणे रास्त ठरेल.